‘मऊ’ या शब्दाने घातलेला घोळ: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर अन्न परत सुरू करतानाचं एक प्रकरण

५ ऑगस्ट २०२४, श्रावणातला पहिला सोमवार. ताई ओपीडीच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा होता. मला वाटलं, काहीतरी खायला आणलंय. तोंडाला सारखा फेस येत होता, तो थुंकायला घेतलेला डबा होता तो. लठ्ठपणासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला त्या दिवशी ६१ दिवस झाले होते. मी विचारलं, “सकाळपासून काय घेतलं?” ताई बोलायच्या आत शेजारच्या सासूबाई म्हणाल्या, “सोमवार हाय आज. तसंबी दोन-अडीच आठवडं बाई नुसती पाण्यावर हाय.”

फाइलमध्ये सगळ्यात वर आहाराचा कागद होता, घड्या घालून घालून दुमडीवर फाटलेला. पाचव्या आठवड्यासमोर माझ्याच, म्हणजे त्यांच्या आहारतज्ज्ञाच्या, अक्षरात एक ओळ होती: ‘मऊ आहार सुरू करावा.’ हे प्रकरण बरंचसं त्या ओळीचं आहे. ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकीचं गाळलं आहे.

रुग्ण आणि शस्त्रक्रिया

वय ४३. ब्लाऊज शिवण्याचा व्यवसाय, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर. उंची १५६ सेंटिमीटर, वजन १०८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४४.४. सहा वर्षांपासून मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, गुडघे दुखणारे. चालायला गेलं की गुडघे दुखतात, बसून राहिलं की वजन वाढतं, या चक्रातून डाएटचे चार प्रयत्न करून झाले होते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबद्दल २०२२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो वा नसो, शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा असं म्हटलं आहे, आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली धरली आहे. ताई त्या रेषेच्या कितीतरी पुढे होत्या. ५ जून २०२४ ला दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी झाली. शस्त्रक्रियेत काही गडबड नाही. तिसऱ्या दिवशी घरी.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरतो तो केळ्यासारखा उभा, अरुंद नळा. ‘जठर लहान झालं’ एवढंच आपण पेशंटला सांगतो, पण पुढे जे घडलं त्याला तेवढं पुरेसं नाही. जठराचा वरचा फुगीर भाग झोळीसारखा असतो. घास आला की तो सैल होतो, जागा करून देतो. आपण गप्पा मारत, भराभरा जेवूनही निभावून नेतो ते या झोळीच्या जोरावर. स्लीव्हमध्ये कापला जातो तो नेमका हाच भाग. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते, हा फायदा. पण मागे राहिलेल्या नळ्याला फारसं सैलावता येत नाही, आत दाब जास्त असतो, आणि मध्यावर एक वळण असतं तिथं तो सगळ्यात अरुंद असतो. पहिले काही आठवडे सूज असते, म्हणून तो आणखी आवळलेला. एखादा गोळा तिथं बसला की खालून वाट बंद, वरून लाळ चालूच. मग छातीत दाटतं आणि पांढरा फेस तोंडाशी येतो.

कागदावर काय होतं

पहिले दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ. मग दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं कढण, प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, चमच्यावरून सावकाश पडेल असं. पाचव्यापासून मऊ. आठव्यानंतर हळूहळू घरचं नेहमीचं जेवण. प्रत्येक केंद्राचे आठवडे थोडे मागेपुढे असतात, क्रम हाच. सोबत नेहमीच्या सूचना: दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, दीड लिटर पाणी पण घोट-घोट, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, प्रत्येक घास २०-२५ वेळा चावायचा, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर.

पहिले चार आठवडे ताईंनी हा कागद शब्दशः पाळला. औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं टोपण घेऊन कढण मोजून प्यायल्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते टोपण मला अभिमानाने दाखवलं होतं. मीही खूश होते. आज वाटतं, जो माणूस कागद इतका शब्दशः पाळतो, त्याच्या बाबतीत कागदावरच्या शब्दांची जास्त काळजी घ्यायला हवी होती.

एकादशी

१७ जुलै, आषाढी एकादशी. शस्त्रक्रियेनंतरचा ४२ वा दिवस, म्हणजे कागदाप्रमाणे मऊ आहाराचा काळ. सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. “मुद्दाम मऊ केलती, मॅडम. रात्रभर भिजवलेला साबुदाणा, दाण्याचं कूट बारीक, मिरची नावालाबी न्हाई. दात नसलेलं माणूस खाईल असली.” यातला एक शब्दही खोटा नाही. माझ्या कागदावर ‘मऊ’ लिहिलं होतं आणि त्यांनी आयुष्यात केलेली बहुधा सगळ्यात मऊ खिचडी सुनेच्या पुढ्यात ठेवली होती.

साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा जवळपास निव्वळ स्टार्च. शिजला की चिकट होतो, निवला की दाणे एकमेकांना धरतात. बोटांना लुसलुशीत, पण नळ्यात जाऊन गोंद. ताईंनी सहा आठवड्यांनी पहिल्यांदा घरच्यांच्या पंक्तीला बसून खाल्लं, सात-आठ मिनिटांत अर्धी वाटी. छातीत दाटल्यासारखं झालं. घास अडकला की आपल्याकडे काय करतात? पाणी देतात. सासूबाईंनी तांब्या पुढे केला. बंद झालेल्या नळ्यावर पाणी पडलं, ते खाली जाणार कुठं? फेस, कळ, आणि मग तासभर उलट्या.

इथं थांबलं असतं तर ही एका दिवसाची गोष्ट झाली असती. अडकलेला घास सुटतो, एक दिवस पातळ खाल्लं की नळा शांत होतो. पण ताई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी मऊ चपाती दुधात कुस्करून घेतली, तीही उलटली. तिसऱ्या दिवशी पोहे. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की पोट अजून तयार नाही, आणि पुन्हा पातळावर आल्या. पण पहिल्या महिन्यातलं पातळ म्हणजे मोजून घेतलेलं कढण, दूध आणि पावडर. आताचं पातळ म्हणजे चहा, शहाळं, पाणीदार ताक, आणि शेजारणीने आणून दिलेली ग्लुकोज पावडर. प्रोटीन पावडरच्या वासाने मळमळायला लागलं, ती बंद. उलटीत गोळ्या पडतात म्हणून गोळ्याही बंद: जीवनसत्त्वं, आम्लाची गोळी, पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी, सगळंच.

सहाव्या आठवड्याची तपासणी ठरली होती, ती हुकली. पुढची तारीख दिली, तेव्हा पंचगंगेला पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नदी तिच्या वर गेली आणि गावाकडचा रस्ता पाण्याखाली गेला. फोन चालू होता. मी केला का? एकदा केला, लागला नाही, पुन्हा केला नाही. ही नोंद माझ्या नावावर.

घरात मात्र आनंद होता. ४० व्या दिवशी वजन ९५.४ किलो होतं, ६१ व्या दिवशी ८८.२. तीन आठवड्यांत सात किलो! ताईंचे मालक ओपीडीत मला म्हणाले, “बाकी ऑपरेशन सक्सेस झालं म्हणायचं.”

६१ वा दिवस

जीभ कोरडी, नाडी १०८, रक्तदाब ९६/६०. लघवीत कीटोन, म्हणजे उपासमारीची खूण. पोटॅशियम ३.१, कमी. मी आदल्या दिवशीचा आहार लिहून घेतला आणि प्रथिनांची बेरीज केली. १० ग्रॅमसुद्धा होत नव्हती. हे सगळं वाईटच, पण मला थांबवलं ते ताईंनी उठताना सहज बोललेल्या एका वाक्याने: “पायाला मुंग्या येतात हो मॅडम, बसून बसून असतील.”

बसून बसून नव्हत्या. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीर फारसं साठवत नाही. रोजचं आलं नाही तर साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ताईंच्या उलट्यांना १९ दिवस झाले होते आणि गोळी जवळपास तेवढेच दिवस बंद होती. त्यात पोटात जाणारी बहुतेक ऊर्जा साखरेची, आणि साखर जाळायला थायमिनच लागतं. शेजारणीने मायेनं दिलेलं ग्लुकोजचं पाणी उरलासुरला साठाही खर्च करत होतं. मुंग्या ही पहिली घंटा. पुढची पायरी म्हणजे डोळे थरथरणं, तोल जाणं, मनाचा गोंधळ. वर्निके एन्सेफॅलोपथी. ती झाली तर मेंदूचं काही नुकसान कायमचं राहू शकतं.

सर्जनना तिथूनच फोन केला. चाल आणि डोळ्यांच्या हालचाली तपासल्या, सुदैवाने ठीक होत्या. थायमिनची रक्ततपासणी येईपर्यंत थांबायचं नसतं. शिरेतून २०० मिलीग्रॅम, दिवसातून तीन वेळा, लगेच सुरू झालं. आणि ग्लुकोजचं सलाईन त्याआधी लावायचं नाही, हे वॉर्डातल्या सिस्टरना तोंडी सांगून वर फाइलवर लाल पेनने लिहिलं. उलट्यांनी थकलेला माणूस दवाखान्यात आला की पहिली बाटली बहुतेक वेळा ग्लुकोजचीच चढते. गावाकडच्या कुठल्याही छोट्या दवाखान्यात हे घडू शकतं. म्हणून हल्ली आमच्या प्रत्येक पेशंटच्या कार्डामागे हे एक वाक्य असतं.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी. नळा कुठं आवळला असेल तर माझ्या कागदाचा दोष जरा हलका झाला असता. पण दुर्बीण वळणावरून सहज खाली गेली. थोडी लाली, बाकी काही नाही. पित्ताशयात खडे नाहीत. म्हणजे वाट मोकळी होती. अन्न चुकीचं गेलं होतं, आणि मग भीतीपोटी ते जवळपास थांबलंच होतं.

वाटीतली परीक्षा

वॉर्डात तिसऱ्या दिवशी सासूबाईंशी निवांत बोलणं झालं. त्यांच्या मनात बोचत होतं. “मी तर मऊच दिलं,” हे त्या चार वेळा म्हणाल्या. मी म्हटलं, “मावशी, चूक तुमची नाही, मी लिहिलंच चुकीचं.” मग त्यांना विचारलं, मऊ म्हणजे काय-काय? त्यांनी बोटांवर मोजलं: मऊ भात, मऊ चपाती, मऊ पोहे, शिरा, उपमा, साबुदाणा, केळं. मी मनातल्या मनात खूण करत गेले. आठव्या आठवड्याआधी ज्या पदार्थांनी स्लीव्हचे पेशंट अडकतात, त्यांतले निम्मे त्या यादीत होते. आपल्या भाषेत मऊपणा दातांनी ठरतो. म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला द्यायचं ते मऊ. त्या सगळ्यांचं जठर मात्र शाबूत असतं.

आम्ही कँटीनमधून दोन वाट्या कोमट पाणी मागवलं. एकीत चपातीचा तुकडा चुरून टाकला, दुसरीत सासूबाईंच्या डब्यातली ज्वारीची भाकरी. पाच मिनिटांनी चमच्याने दाबलं. भाकरी विरली, पाणी पेजेसारखं झालं. चपाती फुगली आणि चमच्याला चिकटून तिचा गोळा झाला. गव्हाच्या कणकेतलं ग्लूटेन ते धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही, म्हणूनच तर भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. सासूबाई वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी कडक भाकरी चालती आणि मऊ चपाती चालत न्हाई.” मी गेली अनेक वर्षं पेशंटना जे समजावत आले, ते यांनी एका ओळीत सांगून टाकलं.

ही परीक्षा कुठल्या पाठ्यपुस्तकातली नाही आणि जठरातलं आम्ल, आकुंचन वगैरे तिच्यात येत नाही. तरी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला निर्णय घ्यायला ती पुरते: विरतं की गोळा होतो?

दुसऱ्यांदा, पहिल्यापासून

१० ऑगस्टला ताई घरी गेल्या. थायमिनची गोळी चालू. मुंग्या पुढच्या दोन आठवड्यांत गेल्या. या वेळी कागद दिला नाही. मुलगी दहावीत आहे, तिला वही घालायला सांगितली. तीन रकाने, नावं ताईंचीच: गेलं, अडकलं, उलटलं. नियम थोडेच. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि त्याला तीन दिवस. पहिल्या दिवशी चहाचे दोन चमचे, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी अर्धी लहान वाटी. नवं काही चाखायचं ते दुपारी. सकाळी बऱ्याच जणांना नळा आवळल्यासारखा वाटतो, आणि रात्री अडकलं तर घर झोपलेलं असतं. अडकलं तर तो पदार्थ वाईट असं समजायचं नाही, तीन आठवडे बाजूला ठेवायचा. आणि अडकल्यावर पाणी नाही. उभं राहायचं, घरातल्या घरात चालायचं, थांबायचं.

श्रावणी सोमवार हा प्रश्न होताच. त्या श्रावणात पाच सोमवार होते आणि ताईंचा नेम विसाव्या वर्षापासूनचा. डॉक्टरांचं नाव पुढे करून मी उपास मोडू शकले असते, पण त्यांनी तो लपून केला असता. तोड सासूबाईंनी काढली: “तिचं सोमवार मी धरते. माझं मला हायेतच, एकात दोन.” शास्त्रात हे बसतं का ते मला ठाऊक नाही, घरात बसलं.

श्रावण असल्याने अंडी, मासे, मटण महिनाभर बाहेर. प्रथिनं सगळी दुधातून आणि डाळीतून काढायची होती. वहीतला पहिला पदार्थ मुगाचं गाळलेलं कढण: गेलं. मग वरण: गेलं. पनीर नुसतं दिलं तर रबरासारखं लागलं, चावून कंटाळा आला, अडकलं. किसून वरणात मिसळलं तर गेलं. सगळ्यांत अनपेक्षित यश पिठल्याचं. पातळ, गुठळी नसलेलं, लसूण-जिऱ्याच्या फोडणीचं. ताई म्हणाल्या, दोन महिन्यांनी पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. आम्ही आहारतज्ज्ञ प्रोटीन शेक, ग्रीक योगर्ट वगैरे छापील याद्या वाटत बसतो आणि पिठलं विसरतो. बेसन पाण्यात विरतं, प्रथिनं बरी, आणि मुख्य म्हणजे त्याला चव आहे. आजारपणाच्या खाण्याला चव नसली की माणूस ते सोडतो.

पावडरचा वास सहन होत नव्हता, म्हणून बिनवासाची आणली. सासूबाईंनी ती उकळत्या वरणात टाकली आणि रव्यासारख्या गुठळ्या झाल्या. दुधातली ती प्रथिनं गरमात फाटतात. मग ताकात घुसळायला लागल्या, ते जमलं. ऑगस्टअखेरचा हिशेब असा: ३०० मिली दुधाचे १०, पावडरचे २४, किसलेल्या ४० ग्रॅम पनीरचे ७, वरण आणि पिठल्याचे मिळून १०, चक्क्याचे ४. झाले ५५ ग्रॅम. ६० ला अजून कमी, पण तीन आठवड्यांपूर्वी १० सुद्धा नव्हते.

भात वहीत ‘गेलं’मध्ये होता. गुरगुट्या, वरण घालून कालवलेला, तीन चमचे, काही त्रास नाही. तरीही मी तो थांबवला. ताईंना राग आला, आणि त्यात तथ्य होतं. जे उलटतं ते खाऊ नको आणि जे जातं तेही खाऊ नको! पण पोटात जागा अर्ध्या वाटीची असताना ती भाताने भरली, तर प्रथिनांना उरत नाही. सप्टेंबरमध्ये भात परत दिला, वरणानंतर, उरलेल्या जागेत.

भाकरी ऑगस्टच्या शेवटी आली, दुधात काला करून. ‘गेलं’पुढे मुलीने तीन उद्गारचिन्हं काढली आहेत.

सणांचे दिवस

७ सप्टेंबरला गणपती, मागोमाग गौरी. पुरणपोळीचं वरचं आवरण चपातीचंच, म्हणून ताईंनी शहाणपणा करून नुसतं पुरण खाल्लं, मोठे तीन चमचे. अडकलं नाही. पण वीस मिनिटांत छाती धडधडली, घाम फुटला, आडवं व्हावंसं वाटलं. अर्ध्या-पाऊण तासात ओसरलं. हे डंपिंग. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेत जास्त दिसतं. स्लीव्हमध्ये जठराचं खालचं दार शाबूत असल्याने कमी, पण होतंच नाही असं नाही. मुलीने वहीत चौथा रकाना आखला: घाम.

गौरी-गणपती बोळवल्यावर अंडं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कोरडा, तो अडकला. पातळ भुर्जी गेली. मासा, काटे काढून, रश्शात भिजवलेला: गेला. मटणाचा पांढरा रस्सा पहिल्या दिवसापासून गेला, मटण मात्र पाचव्या महिन्यापर्यंत नाही, खिमा त्याआधी. चपाती ऑक्टोबरमध्ये दोनदा अडकली. नोव्हेंबरमध्ये पातळ फुलका विस्तवावर कडक करून दिला, अर्धा, तो गेला. तिसऱ्या महिन्यापासून केस भरपूर गळत होते. शरीराला मोठा धक्का बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, आणि ताईंना धक्के दोन बसले होते. प्रथिनं आणि लोह सांभाळलं. सहाव्या महिन्यानंतर गळती थांबली.

दिवाळी हा माझ्या मते या प्रकरणातला दुसरा, शांत धोका. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. त्या आठवड्यात वहीत रोज एकच नोंद: ‘चिवडा, गेला.’ ‘शंकरपाळी, गेली.’ ‘चिवडा, गेला.’ चपाती अडकणाऱ्या नळ्यातून पातळ पोह्यांचा चिवडा सरसर उतरतो. तोंडातच त्याचा भुगा होतो, पोट भरल्याची जाणीव येत नाही, दिवसभर मूठ-मूठ चालू राहतं. वाटीतल्या परीक्षेत चिवडा पहिल्या नंबराने पास! ताईंनी मला हे विजयाने सांगितलं. वजन तीन आठवडे हललं नाही तेव्हा आम्ही वही पुन्हा काढून बसलो. नळ्याची तक्रार नसेल म्हणजे अन्न बरोबर आहे, हा अर्थ माझ्याच पद्धतीने त्यांच्या मनात बसवला होता. पहिल्या तीन महिन्यांचा प्रश्न ‘जातं का’ हा होता. पुढचा प्रश्न ‘टिकतं का’ हा आहे, आणि त्यासाठी जरा घट्ट, चावावं लागणारं अन्न आधी खावं लागतं. म्हणजे आधी अंडं, पनीर, उसळ, भाकरी, तांब्या दूर. डिसेंबरपासून मोडाची मटकी आली, साल काढायची गरज उरली नव्हती.

वर्षानंतर

जून २०२५ ला वजन ७५ किलो. साखर औषधाविना ताब्यात, रात्रीचं घोरणं कमी. हिमोग्लोबिन ११.२, म्हणून लोह चालू. ते आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवायला ताई अजून विसरतात. बी-१२ चालू, थायमिन मल्टिव्हिटॅमिनमधून. जेवण: अर्धी भाकरी, वाटीभर उसळ किंवा अंडं, दोन चमचे भाजी, वीस-पंचवीस मिनिटं. उभ्याने किंवा शिवताना खाल्लं की अजूनही अडकतं.

आमच्या कागदावरून ‘मऊ’ हा शब्द काढला. तिथं आता पदार्थांची नावं आहेत, आणि खाली पाण्याच्या वाटीबद्दल दोन ओळी. सहाव्या आठवड्याला पेशंट आला नाही तर तीनदा फोन, आणि तरी लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या नंबरावर. हे रजिस्टरात लिहून ठेवलं जातं, माझ्या आठवणीवर नाही.

६ जुलै २०२५ ला पुन्हा आषाढी एकादशी आली. दुपारी मुलीचा मेसेज आला, सोबत फोटो. सासूबाईंनी ओट्यावर पाण्याच्या दोन वाट्या मांडल्या होत्या, एकीत साबुदाणा, एकीत भगर. खाली वहीच्या पानाचा फोटो:

‘भगर आणि दाण्याची आमटी. चार चमचे. गेलं. साबुदाणा आजीनं खाल्ला.’